नकली माल, अस्सल पळवाट

जबलपूरच्या सदर बाजारात किंवा गोल बाजारात एखाद्या दुकानदाराने नामांकित कंपनीच्या नावाखाली बनावट वस्तू गळ्यात मारली, तर ग्राहक दुसऱ्या दिवशी त्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहतो. चार माणसे गोळा होतात, आवाज चढतो आणि बहुधा संध्याकाळपर्यंत पैसे परत मिळतात. ऑनलाइन खरेदीत ही पायरीच उरलेली नाही. पावतीवर विक्रेता म्हणून नाव असते सुरतेच्या किंवा दिल्लीच्या कुणा अपरिचित पेढीचे, पैसे घेतलेले असतात बंगळुरूहून कारभार चालवणाऱ्या कंपनीने आणि वस्तू दारात टाकून गेलेला मुलगा तिसऱ्याच कुणाच्या पगारावर असतो. बनावट वस्तूचे पैसे कोणी परत करायचे, या साध्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे जबलपूरला सापडत नाही. ते दिल्लीत शोधावे लागते. ते अनुत्तरित का राहिले, याचा माग काढू लागले की वाट ग्राहक व्यवहार मंत्रालयातून निघून व्यापाऱ्यांच्या मतपेढीपर्यंत पोहोचते.

कायद्याच्या पुस्तकात ग्राहकाची बाजू दुबळी नाही. १९८६ च्या कायद्याची जागा घेणारा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला आणि पाठोपाठ ई-व्यापाराचे नियमही आले. माल सदोष वा बनावट निघाल्यास, अथवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसल्यास, विक्रेत्याला तो परत घेण्यास आणि पैसे देण्यास नकार देता येणार नाही, असे हे नियम स्पष्ट सांगतात. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात तक्रार निकालात काढावी, असेही बंधन आहे. सर्वांत मोलाचा बदल अधिकारक्षेत्राचा. पूर्वी सामान्यतः प्रतिवादीच्या गावी किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले तिथे जावे लागे. आता तक्रारदार जिथे राहतो वा नोकरी करतो, तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि सुनावणी दूरदृश्य प्रणालीने मागता येते. खमरियाच्या आयुध निर्माणीत किंवा पश्चिम मध्य रेल्वेच्या मुख्यालयात बदलीवर गेलेल्या मराठी कर्मचाऱ्याला ही सोय लहानसहान नव्हे.

अडचण सुरू होते ती वस्तू बनावट आहे हे सिद्ध करण्यापाशी. माल परत करण्याची मुदत मोजक्या दिवसांची असते आणि बुटाचा तळवा किंवा चार्जरचे पोट उघडे पडते त्यानंतर. मूळ उत्पादक कंपनीकडे विचारणा केली, तर ‘अधिकृत विक्रेत्याकडून खरेदी नाही’ एवढे उत्तर मिळते. बनावटपणाचा लेखी दाखला ती सहसा देत नाही. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि ४५ दिवसांत अहवाल अपेक्षित असतो. पण त्या तपासणीचे शुल्क तक्रारदाराला भरायला सांगितले जाऊ शकते. हजार-दीड हजारांच्या वस्तूसाठी हा खटाटोप करणारा माणूस विरळाच. शिवाय प्रयोगशाळा दोष सांगते, बोधचिन्ह खोटे आहे की खरे हे सांगत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपयोगाचा आहे, पण तिला मध्यस्थी करता येते, हुकूम देता येत नाही.

यापुढची पळवाट मात्र सरकारनेच बांधून दिली आहे. मार्च २०१६ मध्ये केंद्राने प्रेस नोट ३ काढून ई-व्यापारातील थेट परकीय गुंतवणुकीची चौकट आखली. परकीय भांडवलावरच्या कंपनीने स्वतःचा माल साठवून विकू नये, फक्त खरेदीदार व विक्रेता यांना एकत्र आणणारी ‘मार्केटप्लेस’ चालवावी, असे ठरले. हेतू उघड होता. गल्लीतल्या दुकानदाराला परदेशी भांडवलापुढे उभे करायचे नव्हते. परंतु त्याच टिपणात आणखी एक गोष्ट लिहिली गेली. विक्रीनंतर माल पोहोचवणे, ग्राहकाचे समाधान आणि वस्तूची हमी, ही सारी जबाबदारी विक्रेत्याची. दुकानदाराच्या रक्षणासाठी उभारलेल्या भिंतीआड कंपनीलाच आडोसा मिळाला. ‘आम्ही विक्रेते नव्हेच’ हे तिचे म्हणणे केवळ वकिली कौशल्य नाही. सरकारी धोरणाचेच शब्द ती सरकारला परत ऐकवते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ मधील मध्यस्थाचे कवच आहे ते वेगळेच.

डिसेंबर २०१८ मध्ये ही भिंत आणखी उंच झाली. तेव्हा वाणिज्य मंत्रालय सुरेश प्रभू यांच्याकडे होते. कंपनीची भागीदारी असलेल्या विक्रेत्याने तिच्याच मंचावर माल विकू नये, असे बंधन प्रेस नोट २ ने घातले. ती निघाली २६ डिसेंबरला. त्याच महिन्याच्या ११ तारखेला मध्य प्रदेश, राजस्थान आणि छत्तीसगड ही तिन्ही राज्ये भाजपच्या हातून गेली होती. नोटाबंदी व जीएसटीनंतर व्यापारी वर्ग दुखावलेला होता. जबलपूर उत्तर या जुन्या पेठांच्या मतदारसंघात राज्यमंत्री शरद जैन सहाशेहूनही कमी मतांनी पडले. बंडखोरीचा हात त्यात होताच, तरी पेठेतल्या नाराजीकडे दुर्लक्ष करण्याजोगे अंतर ते नव्हते. व्यापाऱ्यांच्या देशव्यापी महासंघाने या काळात ऑनलाइन कंपन्यांविरुद्ध जो आवाज उठवला, त्याला वजन होते. त्याचे नेते प्रवीण खंडेलवाल २०२४ मध्ये चांदनी चौकातून लोकसभेत पोहोचले, तर अध्यक्षपद दीर्घकाळ नागपूरच्या बी. सी. भरतिया यांच्याकडे राहिले. बनावट बूट घेऊन बसलेल्या ग्राहकाचा मात्र कोठेही मतदारसंघ नाही.

एकदा हा तिढा सुटण्याची संधी आली होती. जून २०२१ मध्ये ग्राहक व्यवहार मंत्रालयाने ई-व्यापार नियमांच्या दुरुस्तीचा मसुदा जाहीर केला. विक्रेत्याच्या हलगर्जीपणामुळे ग्राहकाचे नुकसान झाल्यास अखेरची जबाबदारी मंचावर यावी, अशी तरतूद त्यात होती. ‘अमुक पेढीकडे जा’ हे उत्तर तिने बंद झाले असते. त्या वेळी वाणिज्य आणि ग्राहक व्यवहार ही दोन्ही खाती पीयूष गोयल यांच्याकडेच होती. म्हणजे गुंतवणूक आणणारा आणि ग्राहकाला जपणारा मंत्री एकच. तरीही मसुदा पुढे सरकला नाही. अर्थ मंत्रालय आणि नीती आयोगातून आक्षेप आले, देशी-परदेशी कंपन्यांनी नाराजी कळवली. मसुद्यात तात्पुरत्या सवलत-विक्रीवरील निर्बंधांसारखी इतकी वादग्रस्त कलमे कोंबली होती, की ग्राहकाच्या कामाचे एक कलमही त्यांच्यासोबत बुडाले. हे ओझे अनवधानाने टाकले गेले, असे मानणे कठीण आहे.

मूळच्या नियमांतली एक ओळ तर वाचण्याजोगी आहे. ज्या विक्रेत्यांचा माल व्यापारचिन्ह वा स्वामित्वहक्काच्या उल्लंघनापायी वारंवार काढून टाकावा लागला, त्यांची नोंद ठेवण्याचा कंपनीने वाजवी प्रयत्न करावा. आणि लगेच पुढे: अशा विक्रेत्याला काढून टाकणे तिच्यावर बंधनकारक नाही.

दंडाचे गणितही बोलके आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये प्रमाणित नसलेल्या प्रेशर कुकरच्या विक्रीबद्दल ॲमेझॉन व फ्लिपकार्ट यांना प्रत्येकी एक लाख रुपये दंड केला आणि ग्राहकांना पैसे परत देण्याचा आदेश दिला. प्रकरण बनावट मालाचे नव्हते, पण मंचाची जबाबदारी हाच त्याचा कणा होता. ॲमेझॉनवरून असे २,२६५ कुकर विकले गेले आणि त्यांच्या शुल्कापोटी कंपनीला सहा लाखांवर रक्कम मिळाली. फ्लिपकार्टचे ५९८ कुकर आणि पावणेदोन लाखांहून अधिक शुल्क. दंड दोन्हीकडे कमाईपेक्षा कमी. तरीही कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, कारण लाखाच्या रकमेपेक्षा मंच जबाबदार ठरण्याचा पायंडा त्यांना नको होता.

याउलट बोधचिन्हाचा मालक दारात आला, की न्यायाचे आकडे बदलतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने घोडेस्वाराच्या बोधचिन्हाच्या वादात ॲमेझॉनच्या कंपनीला सुमारे ३४० कोटी रुपयांची भरपाई देण्यास सांगितले. जुलैमध्ये खंडपीठाने त्या आदेशाला स्थगिती दिली हे खरे. पण तेच चिन्ह पाहून सदरा विकत घेणाऱ्याचा प्रश्न त्या दाव्यात कोणी उपस्थित केला नव्हता.

यंत्रणेला बनावट मालाचा माग काढता येत नाही, असेही नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, जबलपूरच्या एका खासगी रुग्णालयात बनावट रेमडेसिविर इंजेक्शने आल्याचे उघड झाले. मीठ व ग्लुकोज भरलेल्या त्या कुप्यांचा धागा गुजरातेतल्या टोळीशी जुळला, अटका झाल्या, राष्ट्रीय सुरक्षा कायदाही वापरला गेला. तिथे प्राणाशी गाठ होती, म्हणून राज्य हलले. बनावट चार्जर पेट घेईपर्यंत त्याची किंमत चारशे-पाचशे रुपयेच राहते.

उरतो तो जिल्हा आयोग. साध्या तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत आणि तपासणीच्या प्रकरणाचा पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. देशभरातील आयोगांत अध्यक्ष-सदस्यच नसल्याची दखल सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून घ्यावी लागली. नियुक्तीच्या नियमांतील काही तरतुदी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच वर्षी रद्द केल्या आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. जबलपूरकर जिंकला, तरी कंपनी निम्मी रक्कम भरून ४५ दिवसांत अपील करू शकते. ते चालते भोपाळला. उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ आपल्या शहरात असल्याचा अभिमान बाळगणाऱ्याला हजार रुपयांसाठी राज्याच्या राजधानीकडे डोळे लावावे लागतात.

ग्राहक चळवळीत मराठी माणूस मागे नव्हता. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला. जबलपुरात नागरिक उपभोक्ता मार्गदर्शक मंचाचे डॉ. पी. जी. नाजपांडे यांनी जनहित याचिकांचा धडाका लावून वीजदरापासून अनेक प्रश्न धसास नेले. पण वीजदर सर्वांचा असतो, फसलेली खरेदी एकेकट्याची. वेगवेगळ्या गावांतल्या, एकाच विक्रेत्याकडून ठकलेल्या ग्राहकांना एकमेकांचा पत्ता ठाऊक नसतो. तो ठाऊक असतो फक्त कंपनीला. नव्या कायद्यात प्राधिकरणाला स्वतःहून चौकशी करण्याचा, माल परत मागवण्याचा आणि पैसे परत देण्याचा आदेश काढण्याचा अधिकार आहे. जून २०२४ पासून प्रल्हाद जोशी यांच्याकडे आलेल्या या खात्याला एकेका विक्रेत्याच्या सर्व बनावट विक्रीची यादी कंपन्यांकडून मागवण्यासाठी नव्या मसुद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. २०२१ च्या मसुद्यावर सूचना पाठवण्याची मुदत तर त्याच वर्षी संपली होती.