ताल पोरीचा चुकत होता की यंत्राचा?



गेल्या दिवाळीत आमच्या घरी बिनतारी इअरबड आले. माझ्या आईनं पेन्शनमधून बाजूला ठेवलेल्या पैशांतून ते नातीसाठी घेतले. लेक अकरा वर्षांची, गाणं शिकते. गुरू पुण्यात आणि आम्ही जबलपुरात, म्हणून शिकवणी फोनवर, आठवड्यातून दोनदा. "आता ताईंचा आवाज पोरीला नीट ऐकू येईल," एवढीच आजीची इच्छा.

झालं मात्र उलटंच. ठेका लावून गायलेली बंदिश रेकॉर्ड करून पाठवायची, हा लेकीचा गृहपाठ. इअरबड आल्यापासून दर आठवड्याला ताईंचा एकच निरोप येऊ लागला: "सम निसटतेय. ठेक्याच्या मागे राहतेस." पोरगी पुन्हा पुन्हा म्हणायची, पुन्हा पाठवायची, पुन्हा तेच उत्तर. मीही एकदा रागावलो, "लक्षच नसतं तुझं!" जानेवारीत एका संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, मला ताल कळतच नाही. गाणं सोडू का?"

तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अरे, माझ्यासमोर हातावर ताल देऊन म्हणते, तेव्हा एक मात्रा हलत नाही तिची. पोरीला कशाला रागावतोस? त्या यंत्राला विचार की!"

मग मी यंत्राला विचारलं. जे कळलं ते तुम्हालाही सांगतो, कारण तुमच्या घरीही कोणी ऑनलाइन गाणं, तबला, व्हायोलिन शिकत असेल, किंवा नुसतंच नवे इअरबड घ्यायच्या विचारात असेल.

उशिरा पोचणारा ठेका

तारेच्या इअरफोनमध्ये आवाज विजेच्या रूपात थेट कानापर्यंत जातो. ब्लूटूथमध्ये मधे बरीच कामं होतात. फोन आवाजाचे आकडे आवळून त्यांची पुडी बांधतो, ती रेडिओलहरींवरून पाठवतो, इअरबड ती पुडी सोडतो आणि मग आवाज काढतो. वाटेत एखादी पुडी हरवली तर गाणं तुटू नये म्हणून थोडा साठाही करून ठेवतो. या सगळ्यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग धरा.

सिनेमा बघताना हे जाणवत नाही, कारण बहुतेक ॲप चित्रही तेवढंच मागे ठेवतात. पण गाण्याचा हिशेब करून बघा. मध्यलयीत मिनिटाला १२० मात्रा असतील, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. त्यात २०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा! लेकीच्या कानात ठेका उशिरा पडत होता, ती त्या ठेक्याला धरून बरोबर गात होती, आणि फोन मात्र तिचा आवाज मूळ ठेक्यावर ठेवून रेकॉर्ड करत होता. ताईंना दर वेळी सम निसटलेली ऐकू येणारच.

तुम्हाला घरी तपासायचं असेल तर सोपी युक्ती आहे. इअरबड जोडा, फोनच्या कीबोर्डचा टिकटिक आवाज सुरू करा आणि एक अक्षर दाबा. बोट पडल्यावर टिक किती वेळानं कानात येते ते बघा. मग तार जोडून तेच करा.

मोठी लाइन, छोटी लाइन

आता ही पुडी बांधणाऱ्याकडे वळू. त्याला 'कोडेक' म्हणतात. इअरबडच्या खोक्यावर एसबीसी, एएसी, ॲप्टएक्स, एलडॅक अशी जी अक्षरं असतात, ती याचीच नावं.

जबलपूरच्या मराठी घरांना हे समजायला कठीण नाही. गोंदियाला जाणारी आपली छोटी लाइन आठवते ना? अडीच फुटांची नॅरोगेज. नागपूरकडून लग्न आटोपून, मोठ्या गाडीनं भरपूर सामान घेऊन गोंदियाला उतरायचं आणि तेच सामान त्या छोट्या डब्यात बसवायचं. हुशार माणूस काय करी? पितळेचा डबा घेई, त्याचं खोकं टाकून देई. कोडेकही तेच करतो. कानाला ज्याची उणीव भासणार नाही ते टाकतो आणि बाकीचं घट्ट बांधतो.

सीडीवरचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिट जागा घेतो. ही आपली मोठी लाइन. त्यापुढे एसबीसी, जो गाणी ऐकायच्या प्रत्येक ब्लूटूथ साधनात असतोच, जास्तीत जास्त ३२८ च्या आसपास चालतो. आयफोन एएसी वापरतो, तो साधारण २५६. ॲप्टएक्स ३५२, ॲप्टएक्स एचडी ५७६. सोनीनं २०१५ मध्ये आणलेला एलडॅक ३३०, ६६० किंवा ९९० वर चालतो. नवा एलसी३ कमी जागेत चांगलं सामान बसवण्यासाठी केलेला आहे.

पण नुसता आकडा बघून फसू नका. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, कोडेक दोन्ही टोकांना हवा. फोनमध्ये एलडॅक आहे आणि इअरबडमध्ये नाही, तर दोघांना येणारी भाषाच बोलली जाईल, बहुतेक वेळा एसबीसी किंवा एएसी. आयफोनमध्ये एलडॅक नाही. त्यामुळे आयफोनवाल्यानं केवळ एलडॅकसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

दुसरी, ९९० हा आकडा कायम टिकत नाही. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, त्याच पट्ट्यात वायफायही असतं. जयंती कॉम्प्लेक्ससारख्या गर्दीच्या बाजारात शेकडो फोन एकत्र बोलत असतात. तिथे एलडॅक स्वतःच खाली उतरतो, नाहीतर आवाज तुटतो. आपलं शरीरही आड येतं, कारण पाणी या लहरी शोषतं. फोन मागच्या खिशातून छातीच्या खिशात ठेवला की तुटणारं गाणं बरेचदा नीट होतं.

तिसरी, मुळात नसलेलं कोडेक आणणार कुठून? पुणे आकाशवाणीवर १९५५ साली सुरू झालेलं गीतरामायण आमच्या आईच्या जिवाचं. त्या काळचं ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. ते कोणत्याही कोडेकनं ऐका, त्यातला गोडवा तोच. आणि दहा ठिकाणांहून फॉरवर्ड होत आलेलं गाणं आधीच इतकं आवळलेलं असतं, की महागड्या इअरबडमध्ये त्याचे दोष तेवढे स्पष्ट ऐकू येतात.

माइक सुरू झाला की

ताईंची दुसरी तक्रार अशी होती, की शिकवणीत लेकीला तानपुरा नीट ऐकूच येत नाही, स्वर किंचित हलतो. इथे मला सगळ्यात मोठं आश्चर्य वाटलं.

नुसतं ऐकताना ब्लूटूथ एका पद्धतीनं चालतं आणि इअरबडचा माइक सुरू झाला की दुसऱ्या. ही दुसरी पद्धत टेलिफोनसाठी केलेली आहे. तिच्या जुन्या प्रकारात ४००० हर्ट्झच्या वरचं काही जात नाही, सुधारलेल्या प्रकारात ८००० च्या वरचं नाही. माणसाचा कान, विशेषतः लहान मुलांचा, २०,००० पर्यंत ऐकतो. बोलणं कळायला ४००० पुरतात. पण तानपुऱ्याचा प्राण त्याच्या जवारीत, तारेखालच्या त्या दोऱ्यामुळे उमटणाऱ्या बारीक, वरवर चढत जाणाऱ्या स्वरांत असतो. वरचं कापलं की उरते ती नुसती घूं घूं.

त्यात आणखी भर म्हणजे व्हिडिओ कॉलची ॲप मागचा आवाज पुसतात. एकसारखा चालणारा तानपुरा त्यांना पंख्यासारखाच वाटतो, म्हणून तेही पुसायला निघतात! झूममध्ये यासाठी 'ओरिजनल साउंड' अशी सोय आहे. संगीताच्या शिकवणीत ती दोन्ही बाजूंनी सुरू करा.

मग तारेचं काय?

तारेला उशीर नाही, कोडेक नाही, चार्जिंग नाही. पण तिच्याही काही गोष्टी माहीत हव्यात.

पिनवर काळे पट्टे मोजा. तीन असतील तर माइक आहे, दोन असतील तर नाही. फोनला गोल छिद्र नसेल तर टाइप-सी अडॅप्टर लागतो. त्यातही दोन जाती आहेत. एकीत आकड्यांचा आवाज करणारी छोटी चिप, म्हणजे डॅक असते, ती बहुतेक फोनवर चालते. दुसरीत नुसत्या तारा असतात, ती काहीच फोनवर चालते. दुकानदाराला "डॅकवाला है क्या?" असं विचारा, आणि आपल्या फोनला तिथेच लावून बघा.

सोन्याचा मुलामा दिलेली पिन गंजत नाही, हे खरं. तिच्यामुळे आवाज सोन्यासारखा होतो, हे खरं नाही. मीटर-दीड मीटर तांब्याच्या तारेचा अडथळा इतका कमी असतो, की चांगली साधी तार आणि महागडी तार यांत कानाला फरक कळणं कठीण. तार मरते ती पिनच्या मानेशी, फोनभोवती करकचून गुंडाळल्यामुळे. सैल वेटोळं करून ठेवा, वर्षानुवर्षं टिकेल.

आणि इअरफोनसोबत येणारी छोटी-मोठी रबरी टोकं फेकू नका. कानात नीट न बसणारं टोक खर्ज गळू देतं. कोडेक बदलण्याआधी टोक बदलून बघा, फरक लगेच कळेल.

कान मात्र एकच जोडी

रस्त्यावरच्या रिक्षात, ट्रेनमध्ये बाहेरचा गोंगाट इतका असतो की कोडेकमधला फरक बुडून जातो आणि आपण आवाज वाढवत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०. ९० पर्यंत गेलात तर आठवड्याला जेमतेम ४ तास. धुआंधारच्या कठड्याशी उभं राहून आपण शेजारच्याशी ओरडून बोलतो ना? इअरफोन लावलेला मुलगा घरात तसा ओरडून बोलू लागला, तर समजा, आवाज कमी करायची वेळ झाली.

आमच्या घरी शेवटी माइकवाला साधा तारेचा इअरफोन आणि एक अडॅप्टर आला. खर्च पाचशे रुपयांच्या आत. त्या रात्री लेकीनं तीच बंदिश पुन्हा रेकॉर्ड केली. मी शेजारी बसून हातावर मात्रा मोजत होतो. सोळा मात्रा झाल्या आणि ती समेवर आली, नेमकी. दुसऱ्या दिवशी ताईंचं उत्तर एका शब्दाचं होतं: "वा!"

मी लेकीची माफी मागितली. यंत्र चुकू शकतं हे मला ठाऊक होतं, पण शंका आधी पोरीवर घेतली. तुमच्याकडे कोणी असं दर वेळी थोडं मागे पडत असेल, तर रागावण्याआधी एकदा तार जोडून बघा.

आणि ते इअरबड? ते आता आजीच्या कानात असतात. संध्याकाळी दिवा लावून झाला की ती गीतरामायण ऐकत बसते. तिथे पाव सेकंद उशीर झाला तरी काही बिघडत नाही.