आधी मेलेला सिलिंडर शोधा

चामटोलीचं नाव बहुतेक महाराष्ट्राने पहिल्यांदा ऐकलं ते २७ जुलै २०१९ ला. आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये या गावाजवळ उल्हास नदीच्या पुरात अडकली. गावकरी मदतीला धावले, एनडीआरएफच्या बोटी आल्या, हेलिकॉप्टरं आली, आणि हजाराहून जास्त प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. त्या दिवसाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते योग्यच होतं. मी आज लिहितोय ते याच पट्ट्यातल्या, कधीच बातमी न होणाऱ्या पाण्याबद्दल. जून ते सप्टेंबर रोज रात्री बॉनेटखाली बसणारी ओल. तिच्यामुळे बदलापूर-कर्जत रस्त्यावरच्या किती जुन्या पेट्रोल गाड्या सकाळी थरथरत चालू होतात, आणि किती घरांतून नसता खर्च होतो, ते जवळून पाहिलं की राहवत नाही.

पण आधी एक गोष्ट ठळकपणे सांगून टाकतो. गाडी खरोखर पाण्यात उभी राहिली असेल, एअर फिल्टरपर्यंत पाणी गेलं असेल, तर चावीला हात लावायचा नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर पिस्टन त्या पाण्यावर जाऊन आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग काम इंजिन उघडण्यावर जातं. अशी गाडी टो करून न्यायची, प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, ऑइल बदलायचं, आणि मगच पुढचं. यापुढे जे लिहितोय ते फक्त ओल धरलेल्या, सर्द झालेल्या गाडीला लागू आहे.

छोटी पेट्रोल गाडी म्हटलं की आपल्याकडे अजून मारुती ८०० डोळ्यांसमोर येते. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली चावी दिली गेली, आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. या गाडीवर दोन पिढ्या ड्रायव्हिंग शिकल्या, आणि मेकॅनिकांच्याही दोन पिढ्या तयार झाल्या. तिच्या कार्बोरेटरवाल्या मॉडेलात ठिणगीचा प्रवास डोळ्यांना दिसेल असा आहे. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये जातात आणि पंधरा-वीस हजार व्होल्ट होऊन बाहेर पडतात. मधल्या जाड वायरीतून डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये येतात, आतला रोटर फिरत फिरत एक-तीन-दोन या क्रमाने ते वाटतो, आणि तीन प्लग वायरींतून ते तीन प्लगांपर्यंत पोचतात. या वायरींना आपले मेस्त्री एचटी वायर म्हणतात, म्हणजे हाय टेन्शन. रबराच्या किंवा सिलिकॉनच्या एका थराच्या भरवशावर एवढा दाब आत कोंडलेला असतो. रबर एक्झॉस्टच्या उष्णतेने कडक झालं, त्याला बारीक चीर गेली, वर ओल बसली, की करंटला प्लगच्या फटीपेक्षा सोपी वाट मिळते. तो इंजिनच्या लोखंडात उतरतो आणि प्लगला ठिणगीच मिळत नाही.

हिशेब करून पाहा. स्लोला इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेतंय असं धरलं, तर दोन फेऱ्यांमागे एका सिलिंडरला एक ठिणगी, म्हणजे तिघांच्या मिळून साडेतेराशे. एक वायर गेली की मिनिटाला साडेचारशे धक्के गायब होतात. चार सिलिंडरच्या गाडीत पाव ताकद जाते, इथे एक तृतीयांश. तिघांनी उचललेल्या ओझ्याखालून एकाने खांदा काढून घ्यावा तसं उरलेले दोघे लटपटतात, आणि ती लटपट स्टिअरिंगमधून थेट हातात येते.

आता इथे जे घडतं त्याची मला चीड आहे. गाडी मिसिंग करतेय म्हटल्यावर पहिला आळ कार्बोरेटरवर. तो उघडला जातो, जेट फुंकले जातात, किट बदललं जातं. स्लो वाढवून दिला जातो, म्हणजे थरथर थोडी लपते. मग प्लग नवे, मग कॉइल, मग पेट्रोल पंप. कुठला सिलिंडर मेलाय हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की एकही पार्ट विकत घेण्याआधी हा एक प्रश्न सुटला पाहिजे. एकच सिलिंडर मेला असेल तर दोष त्या सिलिंडरच्या वाटेवर आहे: त्याची वायर, त्याचा प्लग, कॅपमधलं त्याचं टोक, त्याचे व्हॉल्व्ह. तिन्ही अधूनमधून चुकत असतील तर दोष सगळ्यांना जोडणाऱ्या जागी आहे: कॉइल, मधली वायर, रोटर, पेट्रोल किंवा हवा. या एका फाट्यावर अर्धा खर्च वाचतो.

शोधायचं कसं? जुने मेस्त्री चालू इंजिनवर एकेक वायर उचकटून पाहतात. जिवंत सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी बसतं. मेलेल्याची काढली की काहीच फरक पडत नाही, तोच आपला गुन्हेगार. पद्धत अचूक आहे, पण उघड्या हाताने करायची नाही. झटका जोरदार बसतो, आणि छातीत पेसमेकर असलेल्या माणसाने तर चालू इंजिनच्या या भागाजवळ वाकूही नये. शिवाय वायर हवेत मोकळी सोडली तर कॉइलचं आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं नुकसान होतं, कारण तो दाब कुठे तरी वाट फोडणारच. म्हणून इंजिन बंद करायचं, एक वायर काढायची, तिच्या टोकाला एक जुना प्लग बसवायचा, त्या प्लगची बॉडी वायरीने इंजिनच्या धातूला पक्की बांधायची आणि मग थोडाच वेळ चालू करून ऐकायचं. शेजारी पेट्रोल गळत नाही ना हे आधी पाहायचं. २००० च्या आसपास आलेल्या एमपीएफआय गाड्यांमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तिथे न जळलेलं पेट्रोल जाऊन तो तापतो आणि खराब होतो, म्हणून त्या गाडीत ठिणगीऐवजी त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचं कनेक्शन काढून हीच परीक्षा घेतलेली बरी. वायर काढताना टोकाची रबरी टोपी धरून थोडी पिळायची. वायरलाच धरून ओढलं की आतला कार्बनचा धागा तुटतो, आणि चांगली वायर तपासणीतच मरते.

याहून सोपी तपासणी रात्रीची. चामटोलीच्या आतल्या रस्त्यांवर अजून पुरेसा अंधार मिळतो. गाडी बाहेर मोकळ्या हवेत, इंजिन स्लोला, बॉनेट उघडं, हातातला टॉर्च बंद. वायर फुटली असेल तर निळसर ठिणगी लोखंडाकडे उडताना दिसते आणि टकटक ऐकू येते. काहीच दिसलं नाही तर फवाऱ्याच्या बाटलीने वायरींवर पाण्याचे अगदी बारीक तुषार मारायचे, हात आणि बाही पंख्यापासून, पट्ट्यापासून लांब ठेवून. पावसाळी सकाळी होणारा त्रास मे महिन्यातही असा समोर आणता येतो. दुपारी गॅरेजमध्ये नेलेली गाडी शहाण्यासारखी का वागते, त्याचं उत्तर इथेच आहे: तोवर इंजिनच्या उष्णतेने ओल उडून गेलेली असते.

मल्टिमीटर असेल तर वायरीची दोन्ही टोकं धरून रेझिस्टन्स मोजायचा. कार्बन धाग्याच्या वायरीत तो काही हजार ओहम येतो आणि लांबीप्रमाणे वाढतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा, पण पुस्तक नसलं तरी तीन वायरी एकमेकींशी ताडून पाहता येतात. दोघी सारख्या आणि तिसरी कितीतरी पट जास्त, किंवा वायर हलवली की आकडा उड्या मारतोय, तर निकाल लागला. मात्र रेझिस्टन्स बरोबर आला म्हणून वायर निर्दोष ठरत नाही. मीटर धागा तपासतो, वरचं आवरण तपासत नाही. आवरणाची परीक्षा अंधार आणि पाणीच घेतं.

डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून आत बघायला फार थोडे जण वेळ देतात. आत दव असेल तर कोरड्या फडक्याने पुसलं की काम होतं. पण एका टोकाकडून दुसऱ्याकडे पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर पुसण्यात वेळ घालवू नये. करंटने जाळून केलेली ती कार्बनची वाट आहे आणि तो पुन्हा पुन्हा तिथूनच जाणार. कॅप बदलायची, सोबत रोटरही. हा त्रास काही एकट्या मारुतीचा नाही. १९५९ मध्ये इंग्लंडात आलेली मिनी ही छोट्या गाड्यांची आजी, तिचा डिस्ट्रिब्युटर थेट पुढच्या जाळीमागे होता, आणि पावसात ती गाडी बंद पडण्यासाठी कुप्रसिद्ध होती. तिथल्या लोकांनी रबरी आवरणं चढवून ते निभावलं. आपल्याकडे वायरीच्या टोप्यांत आतून थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं तर पावसाळा निघतो.

प्लग काढला की त्याचं तोंड बोलतं. फिकट विटकरी असेल तर सिलिंडर ठीक जळतोय. ओला आणि पेट्रोलचा वास मारणारा असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी नाही. काळा आणि ऑइलने चिकट असेल तर रोग आत रिंगांमध्ये किंवा व्हॉल्व्ह सीलमध्ये आहे, तिथे वायरी बदलून काही होणार नाही. कार्बोरेटरवाल्या मारुतीला प्लगची फट साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर. ती झिजून वाढली की ठिणगीला जास्त दाब लागतो, आणि तो वाढीव दाब कमकुवत वायर फोडतो. म्हणून जुने प्लग आणि जुन्या वायरी एकमेकांना मारत असतात.

एक कागद मात्र प्रत्येकाच्या गाडीत असतो आणि कुणीच वाचत नाही: पीयूसीचा. त्यावर स्लोला मोजलेला सीओ आणि एचसी छापलेला असतो. बीएस-२ च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला मर्यादा सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएम, बीएस-२ आणि बीएस-३ गाडीला ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. एचसी म्हणजे न जळता बाहेर पडलेलं पेट्रोल. सीओ चढलेला असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे, तिथे कार्बोरेटरवरचा संशय रास्त. सीओ ठाकठीक आणि एचसीच उंच, तर कुठे तरी ठिणगी चुकतेय. सीओ अगदीच कमी आणि एचसी उंच, तर इंजिन कुठून तरी फुकटची हवा ओढतंय. मागच्या वर्षीचा कागद शेजारी ठेवून पाहिला तर दोष कधी सुरू झाला हेही कळतं.

फुकटच्या हवेचं प्रकरण वायरींशी फार गल्लत करतं, म्हणून त्याची खूण सांगतो. व्हॅक्यूमची नळी तडकली किंवा मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलं की गाडी स्लोला थरथरते आणि रेस दिली की सुधारते, कारण जास्त हवेत ती थोडी चोरटी हवा विरून जाते. वायरीचं उलट. लोड वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्ट लागतात. म्हणून कमकुवत वायरीची गाडी सपाटीवर बरी चालते आणि नेरळहून माथेरानच्या घाटात दस्तुरीकडे चढताना झटके देते. स्लोला आणि चढाला, दोन्हीकडे सारखीच मेलेली असेल तर वायर पूर्ण तुटली आहे किंवा कॉम्प्रेशन गेलंय. कॉम्प्रेशन गेज लावायला मेस्त्रीला फार वेळ लागत नाही, मागून घ्यावं.

आताच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते, लांब वायरी उरल्याच नाहीत. स्कॅनर लावला की पी०३०१ असा कोड येतो, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. कुठला सिलिंडर हे कळतं, का ते कळत नाही. तरी कोड पाहून लगेच नवी कॉइल बसवली जाते. पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर बसवावी. कोड पी०३०२ झाला तर कॉइल दोषी, नाही बदलला तर ती बिचारी निर्दोष आहे. या अदलाबदलीला पैसे पडत नाहीत आणि ती सांगायला गिऱ्हाइकाने लाजू नये.

भातशेतीला लागून उभ्या राहणाऱ्या गाड्यांना आणखी एक शत्रू आहे, उंदीर. पावसात बिळात पाणी शिरलं की ते उबेला बॉनेटखाली येतात आणि वायरी कुरतडतात. दातांची खूण दिसली तर टेप गुंडाळून भागवू नये, या दाबाला साधा टेप पुरत नाही. वायरींचा पूर्ण सेट घ्यावा, गाडीच्या मॉडेलचाच, कार्बन धाग्याचा. तांब्याच्या सरळ वायरी एमपीएफआय गाडीत लावल्या तर त्यांच्या लहरींनी कॉम्प्युटर गोंधळतो. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढावा आणि एकेक करूनच बदलाव्यात, म्हणजे एक-तीन-दोन चुकत नाही.

वायर बदलून तिन्ही सिलिंडर जिवंत झाले की स्लो एकदम चढलेला ऐकू येईल. दोष लपवायला कुणी तरी स्क्रू आवळून ठेवलेला असतो. इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावं, चोक आत गेलाय आणि पंखा बंद आहे हे पाहावं, आणि तो स्क्रू पुस्तकातल्या आकड्यापर्यंत सैल करावा. त्यानंतर नवा पीयूसी काढावा आणि जुन्या कागदाच्या मागे पिनने लावून ठेवावा, पुढच्या जूनमध्ये मेस्त्रीला दाखवायला.