मुलींचा खेळ, मालकी कोणाची?

मुलींना काय हवे, हा प्रश्न मुलींना सोडून बाकी सगळ्यांना विचारला जातो. ही खोड कुठल्या एका देशाची नाही. ती मोडू पाहणाऱ्या 'पर्पल मून' या अमेरिकन कंपनीची गोष्ट म्हणूनच आपणही समजून घ्यायला हवी.

१९९०च्या दशकात संगणकावरचे खेळ म्हणजे मुख्यतः मारामारी, शर्यती आणि बंदुका. खेळ बनवणारे बहुतेक पुरुष, आणि त्यांच्या डोळ्यांसमोरचे गिऱ्हाईक म्हणजे मुलगा. मुलींना यात रसच नसतो, असे या धंद्याने गृहीत धरले होते. ब्रेंडा लॉरेल या संशोधक स्त्रीने हे गृहीतक तपासायचे ठरवले. 'इंटरव्हल रिसर्च' या संस्थेत त्या आणि त्यांचे सहकारी ७ ते १२ वर्षांच्या हजाराहून अधिक मुलामुलींशी बोलले. मुली हिंसेमुळे दूर राहतात, हा सर्वसाधारण समज. मुलींची खरी तक्रार निघाली ती कंटाळ्याची. त्यांना जिवंत पात्रे हवी होती, गोष्ट हवी होती, नाती हवी होती.

यातून १९९६ साली कंपनी उभी राहिली आणि १९९७ मध्ये तिचे पहिले खेळ बाजारात आले. एकाची नायिका रॉकेट, आठवीत नव्या शाळेत आलेली मुलगी. प्रसंग अडला की रॉकेटला आत काय वाटते आहे, हे खेळणारीने निवडायचे आणि पुढचे त्याप्रमाणे घडायचे. भीती, मत्सर, एकटेपणा यांना खेळात जागा मिळाली.

यावर स्त्रीवाद्यांनी टीकाही केली. मुली म्हणजे मैत्री आणि रुसवेफुगवे, हा जुनाच साचा नव्या डब्यात भरला जात नाही का? हा आक्षेप मला रास्त वाटतो. मुली आज जे मागतात, तेही त्यांना मिळालेल्या वाढवणुकीतूनच घडलेले असते. पण या कंपनीने निदान मुलींना विचारले तरी. १९९६ मध्येच मॅटेल कंपनीचा बार्बीचे कपडे डिझाइन करण्याचा खेळ आला आणि पहिल्या दोनच महिन्यांत त्याच्या ५ लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्यातून धंद्याने धडा घेतला तो एवढाच, की मुलीही गिऱ्हाईक असतात.

फेब्रुवारी १९९९ मध्ये 'पर्पल मून' बंद पडली. खेळ निघत होते, खेळणाऱ्या मुली होत्या. पण मायक्रोसॉफ्टचे एक संस्थापक पॉल ॲलन यांच्यासारख्या धनिकांच्या भांडवलावर ती उभी होती आणि गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतला. पुढच्याच महिन्यात ती विकत घेतली मॅटेलने, म्हणजे बार्बीच्याच मालकांनी!

याला योगायोग म्हणून सोडून देता येईल का? मुलींचे ऐकण्यात वर्षे गेली, पण दार केव्हा लावायचे हे ठरवताना त्यांना कोणी विचारले नाही. ऐकणे एकाचे आणि मालकी दुसऱ्याची, अशी विभागणी असली की ऐकलेले शेवटी मालकाच्या हिशेबाच्या वहीत जमा होते. लॉरेल यांचा हेतू प्रामाणिक होता, यात मला शंका नाही. पण चांगल्या हेतूला भांडवलाच्या घरात भाडेकरू म्हणूनच राहावे लागते.

आपल्यापैकी अनेक गट प्रकल्पाच्या पैशावर किशोरींचे मेळावे घेतात, त्यांच्याशी बोलतात, नोंदी ठेवतात. निधी संपला की त्या नोंदींचे काय होते? गट बंद करायचा निर्णय कोण घेते? त्या बैठकीला मुली असतात का? पुढच्या प्रकल्पाचा अर्ज भरण्याआधी आपण एकमेकींना हे विचारू या.