जड एसयूव्हींचे टायर लवकर झिजतात, खर्च कोणाचा?

१. देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक आता एसयूव्ही असतात. त्यांतल्या मोठ्या गाड्यांचे वजन दोन टनांच्या आसपास, म्हणजे लहान हॅचबॅकच्या दुपटीहून जास्त. दर ब्रेकला आणि दर वळणावर हे वजन टायर खरवडत असते. चाळीस-पन्नास हजार किलोमीटर चालतील म्हणून घेतलेले टायर पंचवीस हजारांतच गुळगुळीत झाले, की मोठ्या गाडीच्या मालकाला चार टायरांसाठी साठ-सत्तर हजार रुपये काढावे लागतात. हा भुर्दंड सगळाच्या सगळा त्याच्या गळ्यात मारणे मला अन्यायाचे वाटते. त्याला पूर्ण मोकळे सोडावे, असेही मी म्हणणार नाही.

२. गाडीच्या वॉरंटीतून टायर बहुधा वगळलेले असतात. शोरूमवाले टायर कंपनीकडे बोट दाखवतात. टायर कंपनीची वॉरंटी निर्मितीतल्या दोषापुरती. झीज तिच्यात बसत नाही. पण या गाडीला कोणता टायर लावायचा, त्यात हवा किती भरायची, सस्पेन्शनची भूमिती कशी ठेवायची, हे सगळे गाडी बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेले असते. ग्राहकाला त्यात काडीचाही अधिकार नसतो. निर्णय ज्याचा, जबाबदारीही आधी त्याची. गाडीसोबत येणाऱ्या पहिल्या चार टायरांना कंपनीने किमान किलोमीटरची लेखी हमी द्यावी आणि त्याआधी टायर संपले तर उरलेल्या अंतराच्या प्रमाणात पैसे परत करावेत.

३. "मालकाने गाडी नीट चालवली नसेल," हे उत्तर ठरलेले असते. त्याचा निवाडा बऱ्याच अंशी टायरवरच लिहिलेला असतो. मधला पट्टा झिजला, तर हवा जास्त होती. दोन्ही कडा झिजल्या, तर कमी. नक्षीवरून तळहात आडवा फिरवावा. एका बाजूने हात सहज सरकला आणि उलट फिरवताना करवतीच्या दातांसारखे टोचले, तर टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, बिघडलेला आहे. कधी बाहेरून टायर ठणठणीत दिसतो, आणि गाडी रॅम्पवर चढवून चाक वळवले की आतल्या कडेला तार उघडी पडलेली सापडते. मेकॅनिक म्हणतो, "टायर आतून खाल्लाय." अशा वेळी टोइतकाच कॅम्बरवरही, म्हणजे चाकाच्या उभ्या कलावरही, संशय घ्यावा लागतो, आणि कितीतरी गाड्यांत कॅम्बर जुळवण्याची सोयच दिलेली नसते. तिथे मालकाने दर पाच हजारांला अलाइनमेंट केले तरी टो तेवढा सरळ होतो, कॅम्बर आहे तिथेच राहतो.

म्हणून अलाइनमेंटच्या मशीनवरचा आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट छापून हातात मिळालाच पाहिजे. नुसता स्क्रीन दाखवून बिल फाडणे चालणार नाही. तो कागद, रोटेशनच्या नोंदी आणि दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरलेली हवा, एवढे मालकाकडे असेल, तर दोष त्याच्या माथी मारता येऊ नये. वर्षभर हवाच तपासली नसेल, तर खर्च त्यानेच सोसावा.

४. खड्ड्यात आपटून टायरच्या बगलेला फुगा येतो, ते नुकसान वेगळे. ते झिजेत धरू नये. त्याचे उत्तर रस्ता राखणाऱ्याने द्यायचे आहे. खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई द्यावी, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले. टायरच्या नुकसानीला तसा आधार अजून नाही.

५. आता मालकाचा वाटा. महाराष्ट्रात खासगी मोटारीचा एकरकमी कर किंमत आणि इंधनावर ठरतो. जीएसटीत मोठी गाडी कोणती, हे लांबी, इंजिन आणि जमिनीपासूनची उंची मोजून ठरवतात. वजन कोणीच विचारत नाही. पॅरिसमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये मतदान होऊन बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांचे पार्किंग तिप्पट महागले. पेट्रोल-डिझेल गाड्यांना १.६ टन आणि इलेक्ट्रिकला २ टन अशी मर्यादा आहे. पुण्या-मुंबईत पार्किंगचे दर असे वजनावर लावायला हवेत.

इथे एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी. रस्ता उखडतो तो मुख्यतः ट्रकांमुळे. आसावरचे वजन दुप्पट झाले की रस्त्याचे नुकसान साधारण सोळापट होते, आणि लादलेल्या ट्रकपुढे कुठलीही एसयूव्ही किरकोळच. म्हणून रस्त्याच्या खर्चाचे कारण पुढे करून वजनावरचे हे जादा शुल्क मागू नये.

६. खरे कारण हवेत आणि पाण्यात आहे. झिजलेले रबर बारीक कण होऊन रस्त्याकडेला साचते, पावसात गटारातून मुळा-मुठेत, मिठीत उतरते. टायर टिकावा म्हणून रबरात ६पीपीडी नावाचे रसायन घालतात. त्यापासून तयार होणारे द्रव्य कोहो जातीच्या सामन माशांना मारते, हे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ओढ्यांवरच्या अभ्यासातून २०२० मध्ये सिद्ध झाले. युरोपने युरो ७ नियमांत पहिल्यांदाच टायरच्या झिजेवर मर्यादा घातली. आपल्या एआयएस-१४२ मानकात रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज आहे, झीज नाही. ती त्यात आलीच पाहिजे, आणि टायर किती टिकेल याचा आकडा बगलेवर छापणे सक्तीचे झाले पाहिजे.

७. तोवर ग्राहकांनी गप्प बसू नये. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही; त्याहून महाग गाडीसाठीही ते माफकच असते. अर्ज ऑनलाइन करता येतो. टायर विकून टाकण्याआधी चारही टायरांचे आतल्या कडेचे फोटो, ओडोमीटरचा आकडा आणि अलाइनमेंटचे सगळे रिपोर्ट जपून ठेवा. जुना टायर दुकानदाराकडे गेला की पुरावाही गेला.