नुसती फुंकर पुरत नाही

काटेवाडीवरून इंदापूरकडे जाणाऱ्या पालखी मार्गावर गाळपाच्या दिवसांत उसाचे ट्रॅक्टर आणि भरधाव मोटारी शेजारी शेजारी धावतात. नाकाबंदीत दारू प्यायलेला चालक यंत्रात फुंकर मारताच सापडतो. गांजा ओढलेला किंवा एमडी म्हणजे मेफेड्रोन घेतलेला तीच फुंकर मारून पुढे जातो. हे शहरातले दुखणे आहे, असे आता कुणी म्हणू नये. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी मेफेड्रोनचा प्रचंड साठा पकडला, तो शेजारच्या दौंड तालुक्यात, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत.

रस्त्यावरच अमली पदार्थ तपासण्याचा अधिकार पोलिसांना द्या म्हटले, की ‘कायदा आहेच की,’ हा पहिला आक्षेप येतो. आहे, पण अर्धा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 185 मध्ये दारूसाठी स्पष्ट मर्यादा आहे: 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. अमली पदार्थांसाठी असा आकडाच नाही. गाडीवर ताबा ठेवता येणार नाही इतकी नशा होती, हे सिद्ध करावे लागते. कलम 203 मधली चाचणी श्वासाची. कलम 204 मधली रक्ततपासणीही त्या चाचणीच्या निकालाला किंवा नकाराला बांधलेली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात 2004 पासून रस्त्यावरच चालकांची लाळ तपासतात. आपल्या या कलमांत लाळेचे नावही नाही.

दुसरा आक्षेप तोडपाणीचा. ही भीती खरीच आहे, रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या कुणालाही ती समजावून सांगावी लागत नाही. पण मे 2024 मधले पुण्यातल्या कल्याणीनगरचे मोटार अपघाताचे प्रकरण आठवा. दोन तरुण अभियंते जिवाला मुकले, आणि ससून रुग्णालयात चालकाच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याचे पोलिसांनी जाहीर केले. ती लबाडी उघडी पडली औंधच्या रुग्णालयात घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यामुळे. तपासणीचा अधिकारच न देणे हा गैरवापरावरचा इलाज नव्हे. इलाज दुसरा नमुना हा आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: अंश सापडला म्हणजे नशा होती असे नाही. अगदी बरोबर. गांजाचे अंश लघवीत कित्येक दिवस राहतात. आठवड्यापूर्वी गांजा ओढलेल्या ट्रॅक्टरचालकाचा परवाना त्यावरून जाणे हा अन्याय होईल. म्हणून लघवी नको, लाळच हवी, कारण तिच्यात हे अंश त्यामानाने फार कमी काळ टिकतात. आणि लाळेच्या पट्टीवर थेट शिक्षाही नको. पट्टीने संशय दाखवला तर दोन तासांच्या आत डॉक्टरांसमोर रक्त घ्यावे. नमुने दोन असावेत, दोन्ही चालकासमोर सीलबंद व्हावेत, आणि दुसरा स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा हक्क चालकाला मिळावा. रक्तातली मर्यादा प्रत्येक पदार्थासाठी वेगळी ठरवून ती कायद्यातच लिहावी. हे सारे एकाच दुरुस्तीत यावे. अधिकार आधी आणि बंधने मागाहून, हे आम्हाला मान्य नाही.