चाकांवरच्या घराचं गाऱ्हाणं

पाचवं चाक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे स्टेपनी येते. पंक्चर झालं तर कामाला यावी म्हणून डिकीत पडून राहिलेली बिचारी स्टेपनी! पण अमेरिकेत आणि कॅनडात ‘फिफ्थ व्हील’ म्हटलं, की तिथल्या माणसांच्या डोळ्यांपुढे येतं ते चक्क एक घर. दिवाणखाना, स्वयंपाकघर, न्हाणीघर, झोपायची खोली असं सगळं असलेलं तीस-चाळीस फूट लांबीचं घर. पिकअप ट्रकला जोडायचं आणि निघायचं.

हे नाव आलं घोडागाडीच्या काळातून. गाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवं चाक बसवलेलं असे. चार चाकं रस्त्यावर, पाचवं आडवं. पुढे मोटारी आल्या आणि तीच युक्ती मालट्रकच्या जोडणीला वापरली गेली. न्हावाशेवा बंदरातून निघणारे कंटेनरचे लांबलचक ट्रेलर तुम्ही पाहिले असतील. ट्रकच्या पाठीवर ग्रीसने माखलेली, खाच असलेली एक लोखंडी थाळी असते आणि ट्रेलरच्या पोटाखालचा जाड खुंटा तिच्यात अडकतो. या घराचीही जोडणी तशीच. फक्त थाळी बसते ती पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर.

याचा फायदा मोठा आहे. गाडीच्या मागे गोळ्याला अडकवलेल्या साध्या ट्रेलरचं दहा ते पंधरा टक्के वजन पुढच्या गाडीवर येतं. इथे साधारण पाचवा हिस्सा येतो, आणि तोही नेमका आसावर. त्यामुळे ट्रेलर वाऱ्याने कमी डुलतो आणि वळणावर मुकाट मागे येतो. शिवाय ट्रकच्या हौद्यावर आलेल्या भागात झोपायची खोली होते, ती जागा फुकटात मिळते.

आता प्रश्न असा, की एवढं छान असेल तर गाऱ्हाणं कसलं?

ज्याचं जळतं त्याला कळतं

अशी घरं केवळ हौशी लोक घेत नाहीत. निवृत्त झालेली कित्येक जोडपी राहतं घर विकून यात राहायला येतात. थंडी पडली की ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडाकडे उतरतात आणि उन्हाळ्यात पुन्हा उत्तरेला जातात. त्यांना तिकडे ‘स्नोबर्ड’, म्हणजे हिमपक्षी म्हणतात. फिरतीवर काम करणाऱ्या परिचारिका, पाइपलाइनवरचे वेल्डर आणि त्यांची कुटुंबंही यात राहतात. त्यांच्यासाठी ही सहलीची गाडी नाही, डोक्यावरचं छप्पर आहे. ते गळलं तर जायचं कुठे?

म्हणूनच या मालकांच्या सूचना ऐकण्यासारख्या असतात. कारखान्यातला आखणी करणारा संध्याकाळी आपल्या पक्क्या घरी जातो. मालक मात्र त्या आखणीतच झोपतो, जेवतो आणि पावसात छताकडे बघत बसतो.

पहिली मागणी: वजनाचा हिशोब खरा द्या

अनुभवी मालकांच्या यादीत सोफा आणि टीव्ही फार खाली असतात. सर्वांत वर असतात टायर, आस आणि कमानीचे पाटे.

एक उदाहरण घेऊ. समजा, गाडीचं जास्तीत जास्त वजन ६,३५० किलोपर्यंत चालतं आणि कारखान्यातून निघतानाच ती ५,३५० किलोची आहे. म्हणजे सामानाला १,००० किलो उरले. पुष्कळ वाटतात ना? पण २२५ लिटरची पाण्याची टाकी भरली की २२५ किलो गेले. गॅसची दोन नळकांडी आणि दोन जुन्या पद्धतीच्या बॅटऱ्या मिळून आणखी शंभर-सव्वाशे किलो. उरल्या सहा-साडेसहाशे किलोंत दोन माणसांचा संसार बसवायचा. कपडे, भांडी, किराणा, हत्यारं, खुर्च्या, पुस्तकं. चार दिवसांच्या सहलीला हे पुरतं, बारा महिन्यांच्या संसाराला पुरेलच असं नाही.

त्यात बऱ्याच गाड्यांना कारखान्यातून मिळणारे टायर जेमतेम लागतील तेवढ्याच क्षमतेचे असतात. भर उन्हात, भरल्या गाडीत, हवा थोडी कमी असली की टायर फुटतो. तो नुसता फुटून थांबत नाही. त्याच्या रबराच्या पट्ट्या चाबकासारख्या आपटतात, चाकावरचं आवरण फाडतात आणि वायरी, नळ, कधीकधी फरशीसुद्धा उखडून नेतात. हे सगळं होतं ते महामार्गावर, शेजारून दुसऱ्या गाड्या धावत असताना.

म्हणून मालक सांगतात: टायर एक पायरी वरच्या क्षमतेचे द्या. चाकांवर पत्र्याचं भक्कम आवरण बसवा. पाट्यांच्या बोल्टला प्लास्टिकच्या बुशऐवजी ग्रीस भरता येईल अशा ब्राँझच्या बुश द्या. ड्रम ब्रेकऐवजी डिस्क ब्रेक द्या. आणि टायरमधली हवा कमी झाल्याचं सांगणारं यंत्र कारखान्यातच बसवा. अमेरिकेत नव्या मोटारींना ते २००७ च्या सुमारास सक्तीचं झालं, पण ट्रेलरना ती सक्ती लागू नाही. ज्या चाकांवर अख्खं घर आहे, त्यांच्या हवेची खबर मालकाने स्वतः यंत्र विकत घेऊन ठेवायची!

दुसरी मागणी: पाणी आत येऊ देऊ नका

आपण कोकणातल्या पावसात कौलं शाकारतो, तशी यांनाही छताची निगा राखावी लागते. छत असतं रबरी किंवा प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचं. त्याला झरोके, पंखे, नळ यांच्यासाठी भोकं पाडलेली असतात आणि प्रत्येक भोकाभोवती लुकण. रस्त्यावर धावताना या घराला रोज छोटा भूकंपच बसत असतो. जोड हलतात, लुकण तडकतं आणि पाणी हळूच आत शिरतं.

वाईट गोष्ट ही, की ते लगेच दिसत नाही. भिंत म्हणजे बाहेर फायबरग्लास, मागे पातळ प्लायवूड, मध्ये फोम आणि सगळं चिकटवलेलं. आत ओल गेली की प्लायवूड सुटतं आणि बाहेरून भिंतीला फुगे येतात. फुगे दिसेपर्यंत आतलं लाकूड कुजलेलं असतं. मालकांची सूचना अगदी साधी आहे: छताला भोकं कमी पाडा, पाणी वाहून जाईल असा उतार द्या, कडेला खरीखुरी पन्हळ द्या आणि प्लायवूडच्या जागी न कुजणारा पत्रा वापरा. असा पत्रा बाजारात आहे आणि काही कारखाने तो वापरतातही.

तिसरी मागणी: एकदा राहून बघा

काही सूचना इतक्या घरगुती आहेत, की आपल्या गृहिणींना त्या चटकन पटतील.

या गाड्यांच्या भिंतीचा एखादा भाग मुक्कामाला पोचल्यावर खणासारखा बाहेर सरकतो आणि खोली रुंद होते. न्यूमार या कंपनीने १९९० मध्ये ही सोय आणली आणि सारा धंदा तिच्या मागे गेला. पण प्रवासात तो भाग आत घेतलेला असतो. अशा वेळी फ्रिजचं दार उघडतं का? न्हाणीघरापर्यंत जाता येतं का? कित्येक आखण्यांमध्ये नाही! दुपारी रस्त्याकडेला थांबून दोन घास खायचे किंवा लघवीला जायचं, तर आधी अख्खी भिंत बाहेर सरकवायची.

सांडपाण्याची आणि मैल्याची टाकी किती भरली हे दाखवणारे दिवे खोटं सांगतात, कारण टाकीच्या आत बसवलेल्या सळ्यांना घाण चिकटते. टाकी रिकामी असली तरी भरलेली दिसते. मालक म्हणतात, मोजणारं यंत्र टाकीच्या बाहेरून लावा आणि सगळ्या टाक्यांची तोंडं एकाच जागी आणा.

आणि एक मागणी तर बिनखर्चाची आहे. वायरी आणि नळ कुठून कुठे गेलेत याचा नकाशा द्या. भिंतीत खिळा ठोकायचा, तर आत वायर आहे की नाही हे कळायला नको? साध्या पंपाचा बिघाड शोधायला अख्खी फळी उचकटावी लागते, कारण नकाशाही नाही आणि हात घालायला झडपही नाही.

आणि जिवाचा प्रश्न

झोपायची खोली ट्रकच्या वरच्या अंगाला, म्हणजे जमिनीपासून बरीच उंच. घरात गॅस, शेगडी आणि दार मात्र खालच्या अंगाला. आग लागली तर? अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या मानकात दुसरी सुटकेची वाट, धुराचा भोंगा, गॅसगळतीचा भोंगा, अग्निशामक नळकांडं हे सारं आहे. झोपायच्या खोलीला सुटकेची खिडकीही असते. पण सत्तरीच्या आजीबाईंनी त्या खिडकीतून सात-आठ फूट खाली कसं उतरायचं? म्हणून मालक मागतात एक छोटी दोरीची शिडी, किंवा काही मोठ्या गाड्यांत असतं तसं झोपायच्या खोलीजवळ दुसरं दार. यात चैन कसलीच नाही.

मग ऐकत का नाहीत?

काही सूचना ऐकल्या गेल्या, हे खरं. पिकअप वळताना ट्रेलरचा कोपरा त्याच्या टपाला धडकू नये म्हणून पुढचा भाग गोलाकार केला गेला. लटपटणाऱ्या पायऱ्यांऐवजी जमिनीवर पाय टेकवणाऱ्या भक्कम पायऱ्या आल्या. बटण दाबलं की गाडी सपाट करणारे जॅक आले. हे सारं मालकांच्या रोजच्या अडचणींतूनच निघालेलं आहे.

पण टायर, आस, लुकण यांचं घोडं अडतं ते दुकानात. इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट भागात अशा गाड्यांचे सर्वाधिक कारखाने आहेत आणि त्यांच्यात किमतीची चढाओढ जबर आहे. गिऱ्हाईक गाडीत शिरतं, गादी दाबून बघतं, विजेची शेकोटी बघून खूश होतं. गाडीखाली वाकून कमानीचे पाटे कोण बघतो? मग कारखानदार दिसतं तिथे पैसा ओततो आणि दिसत नाही तिथे वाचवतो. शेकोटीमुळे वजन वाढतं, टायर मात्र तेच राहतात. थोडं कडू वाटेल, पण या दोषात गिऱ्हाइकाचाही वाटा आहे.

तेजीने यात भरच घातली. करोनाच्या काळात विमानं-हॉटेलं बंद पडली आणि सगळे चाकांवरच्या घरांकडे धावले. २०२१ मध्ये सर्व प्रकारची मिळून सहा लाखांहून अधिक वाहनं कारखान्यांतून बाहेर पडली. २०२३ मध्ये हाच आकडा सुमारे ३ लाख १३ हजारांवर आला. घाईच्या दिवसांत जुळवलेल्या गाड्यांबद्दल तक्रारी फार ऐकू आल्या, यात नवल ते काय?

तक्रार घेऊन गेलं, की वेगळीच तऱ्हा. घराची हमी बहुधा एका वर्षाची. फ्रिजची हमी फ्रिजवाल्याची, आसाची आसवाल्याची, टायरची टायरवाल्याची. विक्रेता कारखान्याकडे बोट दाखवतो आणि कारखाना सुट्या भागवाल्याकडे. अनेक हमीपत्रांत तर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की गाडीत कायमचं राहिलात तर हमी लागू नाही. सदोष मोटारींसाठी अनेक राज्यांत कायदे आहेत, पण राहायच्या भागाला ते बऱ्याच ठिकाणी लागू होत नाहीत. दुरुस्तीला गाडी महिनाभर अडकली, तर ज्यांनी घर विकलंय त्यांनी तो महिना काढायचा कुठे?

आपण काय घ्यावं?

वाचकहो, हे सारं सातासमुद्रापलीकडचं म्हणून सोडून देऊ नका. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरावान पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, केरळनेही त्याच वर्षी. आपल्याकडच्या कॅरावान बहुतेक एकसंध, म्हणजे गाडी आणि घर एकत्र अशा असतात. पण पाणी, गॅस, वजन, छत आणि सुटकेची वाट हे प्रश्न तेच. आपला धंदा अजून लहान आहे, तोवरच दुसऱ्याच्या ठेचेवरून शहाणं व्हायला सोपं.

उद्या तुम्ही इथे कॅरावान भाड्याने घेतलीत, किंवा अमेरिकेतल्या मुलाने अशी गाडी घ्यायचं मनात आणलं, तर अनुभवी मालक सांगतात ती रीत लक्षात ठेवा. आधी गाडीखाली वाका, मग छतावर चढा आणि गादीवर सर्वांत शेवटी बसा. टायरवरची तारीख वाचा. सामान भरल्यावर वजनकाट्यावर जाऊन या. खिडकी खरंच उघडते का, हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला उघडायला लावून बघा.

आणि एवढं करून काही खटकलं, तर विक्रेत्याला लेखी कळवा. आज आलेल्या भक्कम पायऱ्या काही कारखान्याला स्वप्नात दिसल्या नव्हत्या. कुणाचा तरी पाय घसरला, त्याने सांगितलं, दहा जणांनी तेच सांगितलं, तेव्हा कुठे त्या आल्या. बोलणाऱ्याची मातीही विकते असं आपण म्हणतोच. इथे तर बोललं नाही तर पुढच्या माणसाचाही पाय घसरेल.