घेऊन ठेवलेली घरे

"एक फुलपाड्यालाही घेऊन ठेवलाय." हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी किती जणांच्या तोंडून ऐकले असेल! विरार लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या शिक्षकखोलीतसुद्धा. बोलणारा गृहस्थ बहुधा बोरिवलीस किंवा दहिसरला राहणारा, पन्नाशीकडे झुकलेला, सालस. पूर्वी सत्यनारायण यथासांग पार पडल्यावर यजमानाच्या मुखावर जे समाधान दिसे, ते हे वाक्य उच्चारताना त्याच्या मुखावर दिसते. घर 'घेतले' असे तो म्हणत नाही. 'घेऊन ठेवले' म्हणतो. बरणीत लोणचे घालून ठेवावे तसे. भाषा मोठी प्रामाणिक असते. जेथे आपल्याला राहायचे आहे, त्या घराला हे 'ठेवणे' आपण कधी लावत नाही.

असल्या घेऊन ठेवलेल्या घरांपैकी एकात मी राहतो. चित्रकलेचा मास्तर, फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा, शिक्षण मॅट्रिकपुरते. तेव्हा अर्थशास्त्रावर प्रवचन झोडण्याचा माझा अधिकार नाही. पण त्रैराशिक मॅट्रिकच्या आतच शिकवतात, आणि या व्यवहाराला त्याहून अधिक गणित लागत नाही.

समजा, कागदपत्रे चोख असलेल्या इमारतीत पंचवीस लाखांना एक फ्लॅट घेतला आणि महिना सात हजारांनी भाड्याने दिला. वर्षाचे चौऱ्याऐंशी हजार. शेकडा साडेतीनलाही पोचत नाही. बँकेचे कर्ज काढले असेल तर व्याजसुद्धा निघत नाही. आता दुसरे उदाहरण घ्या. इमारत जुनी, भोगवट्याचा दाखला नाही, म्हणून बँक दारात उभी करत नाही, म्हणून फ्लॅट बारा लाखांत मिळतो. वर दोन लाख खर्चून नवी लादी, नवे ओट्याचे ग्रॅनाइट, पीओपीचे छत, भिंतींना रंग. भाडे साडेसहा हजार. वर्षाचे अठ्ठ्याहत्तर हजार. चौदा लाखांवर शेकडा साडेपाच. म्हणजे चांगल्या इमारतीपेक्षा वाईट इमारत अधिक देते! बँक कागद पाहते, म्हणून किंमत पडते. बिऱ्हाडकरू लादी पाहतो, नळाला पाणी किती वेळ येते ते पाहतो, स्टेशनपासून रिक्षाचे किती पडतात ते पाहतो. म्हणून भाडे पडत नाही. या दोन पाहण्यांच्या मधल्या फटीत आमच्या मालकाचा नफा आहे.

हे वरचे शेकडा दोन कोणाचे? मालक म्हणतो, माझ्या धोक्याचा मोबदला. कसला धोका? त्याचे चौदा लाख धोक्यात असतील, पण त्या छताखाली तो निजत नाही. निजतात भाड्याची माणसे. धोका त्यांनी पत्करायचा आणि मोबदला यांनी घ्यायचा, याला गुंतवणूक म्हणतात हे मला या वयात कळले.

त्या दोन लाखांच्या 'रिनोव्हेशन'बद्दल जरा विस्ताराने बोलले पाहिजे, कारण सारी मेख तेथे आहे. जुनी लादी उखडायची मजुरी वाचावी म्हणून तिच्यावरच नवी बसवतात. चारशे चौरस फुटांवर इंचभर माल आणि वर लादी, हिशेब करा: अडीच टनांच्या घरात वजन जाते. एका घरात नव्हे, एकामागून एक प्रत्येक मजल्यावर. हे ओझे ज्या कॉलमवर येते त्यातली रेती खाडीची असेल आणि नीट धुतलेली नसेल, तर आतली सळई मिठाने खाल्लेली असते. सळई गंजली की फुगते, फुगली की काँक्रीट फोडते. स्लॅबचे पोपडे पडून गंजकी सळई उघडी पडली, की खरे तर ती इमारत आपल्याशी बोलू लागलेली असते. आमचा मालक काय करतो? खालून पीओपीचे छत मारून तिचे तोंड बंद करतो! वर चार गोल दिवे बसवतो आणि भाडे पाचशेने वाढवतो. चित्रकलेचा मास्तर या नात्याने सांगतो, रंगाने भेग बुजत नाही. ती दिसेनाशी होते एवढेच.

आमच्या जिन्याच्या कॉलमला पडलेली उभी चीर मी मालकाला दाखवली. तो सज्जन आहे, चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नाही. म्हणाला, "सर, ते कॉमनमध्ये येतं. माझा फक्त आतला भाग." घरात आणि इमारतीत असा भेद करणारे अद्वैताच्या या भूमीत निपजावेत, हे नवलच म्हणायचे. कॉलम पडेल तेव्हा 'आतला भाग' हवेत तरंगत राहणार आहे काय?

येथे कोणी तरी उठून गिरगावचा दाखला देईल. १९४७ च्या मुंबईच्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली; मालकाच्या हाती दुरुस्तीपुरतेही उरेना; चाळी कुजल्या; शेवटी १९६९ चा कायदा करून सरकारलाच दुरुस्ती मंडळ काढावे लागले. हे सारे खरे आहे. त्या मालकाची बाजू मला पटते. मूठभर भाड्यात तुळई बदलता येत नाही. पण फुलपाड्याचे भाडे कोणी बांधले आहे? ते दर नव्या कराराला पाच-दहा टक्क्यांनी चढते. गिरगावच्या मालकाने दुरुस्ती केली नाही, कारण भाडे वाढत नव्हते. आमचा मालक करत नाही, कारण न करताही वाढते.

आणि कायद्याचे म्हणाल, तर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचे चौदावे कलम मालकाला घर दुरुस्त राखण्यास बांधून घेते. परंतु वाचकहो, मी भाडेकरू नव्हेच! मी 'लिव्ह अँड लायसन्स'वाला. अकरा महिन्यांचा परवानाधारक. मुदत संपल्यावर राहिलो तर चोविसाव्या कलमान्वये दुप्पट रक्कम भरायची. चीर दाखवणाऱ्या परवानाधारकाचा परवाना पुन्हा निघत नाही, हे कलम कोठे लिहिलेले नाही. पण ते सर्वांना पाठ आहे.

या अकरा महिन्यांचा खरा हिशेब माझ्या हजेरीपटात आहे. शाळेचे वर्ष जूनला सुरू होते, करार कधीही संपतो. जानेवारीत एखाद्याचे नाव कमी होते. विचारावे तर कळते, बिऱ्हाड मनवेलपाड्याला गेले, नाही तर पार नालासोपाऱ्याला. अर्धे चित्र माझ्या कपाटात, मुलगा दुसऱ्या शाळेत. घर म्हणजे काय ते या मुलांना आम्ही निबंधात विचारतो, हा आमचा निर्लज्जपणा.

२७ ऑगस्ट २०२५, गणेश चतुर्थीचा दिवस उजाडायचा होता. विरार पूर्वेलाच, विजयनगरमधल्या रमाबाई अपार्टमेंट या चारमजली अनधिकृत इमारतीचा मागचा भाग मध्यरात्री शेजारच्या चाळीवर कोसळला. सतरा माणसे गेली. तेथे एका मुलीचा पहिला वाढदिवस साजरा झाला होता. तीस वर्षांवरील इमारतींची तपासणी कायद्याने सक्तीची आहे. ही तीस वर्षांची झालेलीच नव्हती. त्याच वर्षाच्या प्रारंभी नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या हुकमाने पाडून झाल्या होत्या. तेथे घर विकत घेतलेला निदान 'मी फसलो' असे ओरडू शकत होता. भाड्याने राहणाऱ्याला तेवढाही शब्द नव्हता. त्याने फक्त टेम्पो पाहायचा.

मालकांना मी राक्षस मानत नाही. त्यांतल्या बहुतेकांना पेन्शन नाही, बँकेच्या ठेवीवर भरवसा नाही, मुलगा परदेशी पाठवायचा आहे. पण आपल्या म्हातारपणाची तजवीज दुसऱ्याच्या डोक्यावरच्या स्लॅबवर करताना तो स्लॅब एकदा पाहून यावा, एवढी माणुसकी मागणे जास्त आहे काय? माझी मागणी साधी आहे. कराराची नोंदणी पंचावन्नाव्या कलमाने सक्तीची आहेच. जबाबदारीही मालकावरच आहे. त्या नोंदणीला इमारत राहण्याजोगी असल्याचा इंजिनियरचा दाखला जोडल्याशिवाय नोंदणी होऊ नये. भोगवट्याचा दाखला मागा असे मी म्हणत नाही. तो मागितला तर अर्धा फुलपाडा उद्या रस्त्यावर येईल आणि गरिबाला पापडखिंडीच्या धरणाकाठी तंबू ठोकावा लागेल, हा आक्षेप मला मान्य आहे. न दिलेला दाखला एकट्या मालकाला आणताही येत नाही. पण इंजिनियर आणता येतो. त्याची फी साऱ्या घरांत वाटली तर एका खोलीच्या लादीइतकीही पडायची नाही.

आमच्या जिन्यात सोळा घरे. त्यांतली अकरा भाड्याची. आम्ही अकराही बिऱ्हाडांनी फीतला आपला वाटा उचलण्याची तयारी दाखवून मालकांना पत्रे धाडली. चौघांनी उत्तर दिले. एकाने संमती कळवली. उरलेल्या तिघांनी, जणू ठरवून, एकच गोष्ट विचारली: अहवाल वाईट आला तर तो कागद कोणाकडे राहणार?